आडनावाचा नकाशा

ते आडनाव मी इथे लिहिणार नाही. जोशी, पाटील, शेख असं काही असतं तर खुशाल लिहिलं असतं, कोणाचं काही बिघडलं नसतं. पण हे इंग्रजी आडनाव इतकं दुर्मीळ आहे की ते लिहिलं की त्या घरापर्यंत कोणीही पोचेल. म्हणून आडनाव नाही आणि ते ज्या परगण्यातलं, त्याचंही नाव नाही. सांगायचं आहे ते एवढंच, की त्या आडनावाचा एक माणूस शारजात वारला, त्याच्या मातीला त्याचं स्वतःचं कोणीतरी असावं म्हणून मी जिवाचा आटापिटा केला, आणि माझ्या त्या आटापिट्यामुळेच ते झालं नाही.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. आम्ही शारजातल्या अल मजाज भागात सहाव्या मजल्यावर राहायचो. नवरा रोज दुबईला नोकरीला जायचा आणि ट्रॅफिकला शिव्या घालत परत यायचा. मी शारजातच एका इंजिनिअरिंग कन्सल्टंटच्या ऑफिसात होते. माझ्या पदाचं नाव भारदस्त होतं. काम म्हणजे टपाल लावायचं, ड्रॉइंगची नोंद ठेवायची, टायपिंग करायचं आणि सगळ्यांचे मूड सांभाळायचे.

तिथे ड्राफ्टिंगचा प्रमुख एक इंग्रज होता. साठीला टेकलेला, उंच, मानेत वाकलेला. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेली होती आणि तो ऑफिसपासून दोन गल्ल्यांवर एका खोलीत एकटा राहायचा. समोर आम्ही त्यांना मिस्टर म्हणायचो, आपसात आजोबा. चहात दूध स्वतःच्या हाताने घालायचे आणि कोणी मोठ्याने बोललं की कानामागे हात नेऊन मुद्दाम दुसरीकडे बघायचे. कंप्युटरवर ड्रॉइंग सुरू झाली तसं आजोबांचं काम कमी होत गेलं. त्यांचं तिरकं उंच टेबल मात्र खिडकीशी तसंच राहिलं. त्या टेबलावर ऑफिस सुटल्यावर ते आपल्या आडनावाचा नकाशा काढत बसायचे.

ट्रेसिंग पेपरवर अख्खं इंग्लंड काढलेलं, आणि त्यावर त्या आडनावाच्या प्रत्येक घराला शाईचा एक ठिपका. लोक सुट्टीवरून येताना चॉकलेटं आणायचे, हे बॅगभर जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या आणायचे. त्यातून घरं शोधायची आणि पत्र टाकायचं: आपलं आडनाव एकच आहे, आपले पणजोबा कुठले, कृपया कळवावं. पत्रं टाइप करायची मी. इकडे पोस्टमन घरी येत नाही. सगळ्यांचं टपाल कंपनीच्या पोस्ट बॉक्समध्ये येतं, त्यामुळे उत्तरंही माझ्याच हातून जायची. 'इंग्रजांना दुसरी कामं नसतात' असं मी घरी म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी नवीन ठिपका कुठे पडला ते बघायला स्वतःच टेबलाशी जायचे.

बहुतेक ठिपके पूर्व किनाऱ्यावर एकाच जागी दाटीने होते. तिथे पूर्वी एक खेडं होतं आणि आडनाव त्या खेड्याचं होतं. समुद्राने थोडा थोडा करून तो सगळा काठच खाल्ला. गाव गेलं, चर्च गेलं, नाव तेवढं माणसांच्या मागे लागून वाचलं. पुढचे ठिपके बंदरांच्या गावांत, मग खाणींच्या गावांत, जिथे पोट नेईल तिथे. आजोबा म्हणायचे की गावात राहणाऱ्याला कोणी गावाच्या नावाने ओळखत नाही, गाव सोडलं की मगच ते नाव चिकटतं. म्हणजे आडनाव ही गाव सोडल्याची खूण. मी म्हटलं, हे तुम्ही आम्हाला काय सांगता, आमच्याकडे निम्म्या आडनावांना शेवटी 'कर' लागतं ते ह्याचसाठी. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी ऑफिसातल्या सगळ्या मराठी माणसांची आडनावं लिहून घेतली आणि पुढचे चार दिवस मला गावं विचारून भंडावलं.

मग मी सासरचा कुलवृत्तांत नेऊन दाखवला. सुटकेसमध्ये घालून आणलेलं ते जाडजूड पुस्तक, त्यात कुठल्या गावी कोणती शाखा, कोणाला किती मुलगे. आजोबांनी आधी हात धुतले आणि एक अक्षर कळत नसताना शेवटपर्यंत पानं उलटली. मी त्यांना भाऊबंद म्हणजे काय ते समजावलं. सात पिढ्यांपर्यंत एकमेकांचं सुतक असतं, तोंड बघितलेलं नसलं तरी दहा दिवस पाळायचं. त्यांना आमचा हेवा वाटला असावा. माणूस मेला की नकाशावरचे सगळे ठिपके एकदम दहा दिवस गप्प बसतात, हे त्यांना फार आवडलं.

त्यांनीही वंशवृक्ष काढला होता. त्यात फक्त आडनाव चालवणारे होते. मुलींच्या जागी एक आखूड रेघ काढून सोडून दिली होती. मुली नाव घराबाहेर नेतात आणि नकाशाचा गोंधळ होतो, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, आमच्याकडेही तसंच, मुलगी फार तर 'अमक्या गावी दिली' एवढ्यापुरती. हे मी जवळजवळ अभिमानाने सांगितलं. मी, जिचं लग्नात आडनावच काय, ताटातल्या तांदळात अंगठी फिरवून पहिलं नावही बदललं होतं. त्यांच्या शाखेच्या टोकाला ते स्वतः होते आणि खाली एकही नाव नव्हतं. 'माझ्या फांदीवर मी शेवटचा,' ते म्हणाले. मला वाईट वाटलं. मूलबाळ नाही बिचाऱ्याला, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

त्यांना वर्षातून दोनदा एक चौकोनी पाकीट यायचं. पाठवणाऱ्या बाईचं आडनाव वेगळंच होतं. ते पाकीट आजोबा आमच्यासमोर कधी फोडत नसत, खणात टाकायचे. आमचा पीआरओ, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतून कंपनीची कामं करून आणणारा माणूस, रत्नागिरीचा मुसलमान होता, माझ्याशी मराठीतच बोलायचा. आजोबांचं कुठेतरी जमलंय, असं तो म्हणायचा आणि आम्ही दोघं खिदळायचो.

एका शनिवारी आजोबा कामावर आले नाहीत. दहापर्यंत वाट बघून पीआरओ वॉचमनला घेऊन त्यांच्या खोलीवर गेला. ते पलंगावर होते, बूट काढून नीट जोडीने ठेवलेले. हृदय बंद पडलं होतं.

परक्या देशात मेलेला माणूस आपला राहत नाही, तो कागदांचा होतो. पोलिसांचं पत्र, दवाखान्याचं पत्र, व्हिसा रद्द केल्याचं पत्र. आजोबा शवागारात आणि पीआरओ रोज एका कचेरीतून दुसरीत. सगळं येऊन एका गोष्टीवर अडलं. नातेवाइकाने लेखी कळवायला हवं होतं, देह मायदेशी पाठवायचा की इथेच पुरायचा. कंपनीच्या फॉर्मवर जवळचं माणूस म्हणून भावाचं नाव होतं आणि तो भाऊ दोन वर्षांपूर्वीच गेला होता. पीआरओ माझ्या टेबलाशी येऊन बसला.

"ताई, त्यांची सगळी फॅमिली तुमच्या टायपिंगमधून गेली आहे. कोणी तरी शोधा. नाहीतर बेवारस म्हणून जातील."

मॅनेजरनेही तेच सांगितलं. मी आजोबांच्या टेबलाशी बसले, नकाशा उलगडला, पत्रांची फाइल काढली. खरं सांगायचं तर मला हुरूप आला. आडनाव आहे, गाव आहे, वंशवृक्ष आहे, आता भाऊबंद न सापडायला काय झालं! ज्या गोष्टीत आपल्याला गती आहे असं वाटतं, तिथेच माणूस आंधळा होतो, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

तिकडची सकाळ व्हायची वाट बघून मी दुपारपासून फोन लावायचे. सभ्य माणसं होती सगळी. फार वाईट झालं म्हणायची, पत्र आलं होतं ते आठवतंय म्हणायची, आणि आम्ही त्यांना कधी भेटलो नाही म्हणून फोन ठेवायची. एका म्हातारीने चर्चमध्ये मेणबत्ती लावीन म्हणून सांगितलं. एकाला वाटलं मी काहीतरी विकतेय. दोन दिवसांत माझा पारा चढला. एवढं दुर्मीळ आडनाव, एका गावची माणसं, आणि कोणाच्या डोळ्यांत पाणी नाही. मी घरी नवऱ्याला म्हटलं की ह्या लोकांना रक्ताची काही किंमतच नाही.

शेवटी त्या बुडालेल्या गावाच्या जवळपास राहणारा एक निवृत्त गृहस्थ सापडला. वंशवृक्षात पाच पिढ्या वर त्याचा आणि आजोबांचा मूळपुरुष एक होता. तोही म्हणाला की मी त्यांना ओळखत नाही. पण ह्याला मी सोडला नाही. त्याला सांगितलं की आमच्याकडे तुम्हाला दहा दिवसांचं सुतक असतं, तुम्ही अंघोळ करून वेगळे बसला असता, आणि तुम्ही मला म्हणताय ओळखत नाही. परक्या बाईने फोनवर असं सुनावल्यावर तो गृहस्थ वरमला. मग त्याने विचारलं की मी काय करायला हवं.

इंग्रजांच्या वकिलातीतल्या बाईंनी मात्र नीट चौकशी केली होती. पत्नी आहे का, मुलं आहेत का. मॅनेजरने फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बायको वारली, मुलं नाहीत. तेच त्याने तिकडे सांगितलं. मला कोणी पुन्हा विचारलं नाही आणि मला स्वतःला विचारावंसं वाटलं नाही. त्या गृहस्थाचा फॅक्स आला: आपण त्यांचे नातेवाईक असून त्यांना तिथेच दफन करण्यास आपली हरकत नाही. पीआरओने तो कागद डोक्याला लावला आणि तसाच पळाला.

आजोबांचा खण मीच आवरला. त्या आडनावाची पत्रं एका फाइलीत, बाकीचं एका खोक्यात. चौकोनी पाकिटं रबर लावून एकत्र ठेवलेली होती, सगळी फोडलेली. मी त्यांतलं एकही वाचलं नाही. दुसऱ्याची पत्रं वाचू नयेत एवढे संस्कार आपल्यावर आहेत, असंही वाटून घेतलं. वेगळ्या आडनावाची ती पाकिटं सरळ खोक्यात गेली.

शहराबाहेर ख्रिस्ती लोकांची दफनभूमी आहे, तिथे त्यांना पुरलं. मॅनेजर, पीआरओ, दोन ड्राफ्ट्समन, पाद्री आणि मी. पाद्र्याने विचारलं की घरचं कोण आहे. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, तेव्हा मी पुढे होऊन तो फॅक्स मोठ्याने वाचला. त्याच आडनावाच्या माणसाची सही मी जरा जास्तच ठासून वाचली. पीआरओने मूठभर माती टाकली आणि तोंडातल्या तोंडात आपली दुआ म्हटली. लाकडी क्रॉसवर पांढऱ्या रंगाने आडनाव लिहिलेलं होतं. संध्याकाळी घरी मी रडले, तर माझी नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, "आई, ही वॉजन्ट इव्हन फॅमिली." मी तिला समोर बसवून भाऊबंद म्हणजे काय यावर अर्धा तास ऐकवलं.

तीन आठवडे गेले. त्या दिवशीच्या टपालात एक चौकोनी पाकीट होतं. माणूसच नाही म्हटल्यावर मॅनेजरने ते उघडायला सांगितलं. आत वाढदिवसाचं कार्ड होतं. सुरुवात 'डियर डॅड' अशी होती.

मी ते दोनदा वाचलं, मग उभ्याउभ्याच खोकं उघडलं. सगळ्या पाकिटांत तेच. वाढदिवस आणि नाताळ, वाढदिवस आणि नाताळ. काहींत तिच्या मुलाने काढलेली चित्रं. एकात तिने नवा फोन नंबर कळवला होता आणि खाली लिहिलं होतं, कधी वाटलं तर फोन करा. पीआरओ दारातून आत आला, माझ्याकडे बघून थांबला. मी कार्ड त्याच्या हातात दिलं. त्याने वाचलं आणि खुर्ची ओढून बसला. ज्या पाकिटांवर आम्ही खिदळलो होतो ती टेबलभर पसरली होती.

"मुलगी होती, ताई," तो म्हणाला. "आपण मुलगी शोधलीच नाही."

आपण असं तो माझ्यावर दया म्हणून म्हणाला. शोधायचं काम माझं होतं.

फोन मीच केला, दुसऱ्या कोणाला करू दिला नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, दफन झालं का. मी हो म्हटलं. तिने विचारलं, कोणी सांगितलं तसं करायला. मी त्या गृहस्थाचं नाव सांगितलं. तिने ते नाव आयुष्यात प्रथमच ऐकलं होतं.

पुढच्या महिन्यात ती शारजाला आली. माझ्याच वयाची, लहान केस, मानेत किंचित वाकलेली. तिला विमानतळावरून मी आणलं, दफनभूमीत मी नेलं. गाडीत ती स्वतःहून थोडं बोलली. लग्नात तिने नवऱ्याचं आडनाव घेतलं. आपलं चालवावं म्हणून वडिलांनी आधी विनवलं, मग भांडण केलं. त्यांच्या शाखेत आडनाव चालवायला दुसरं कोणी उरलं नव्हतं. तिने ऐकलं नाही, आणि त्याच वर्षी त्यांनी आखातातली नोकरी धरली. तिच्या कार्डांना दोन ओळींचं उत्तर यायचं, पण यायचं. कधी उशीर झाला, तर तिला वाटायचं पुन्हा रुसले असतील.

ती कबरीशी बराच वेळ उभी राहिली. तिच्या आईच्या कबरीवर एकच दगड दोघांसाठी बसवलेला होता, खालचा भाग कोरा ठेवून. आजोबांनी स्वतः अक्षरांची मापं काढून दिली होती. हलवता येईल का, असं तिने विचारलं. पीआरओने आधीच चौकशी करून ठेवली होती. परवानग्या, महिने, आणि तरी खात्री नाही. नंतर तिनेच नको म्हटलं.

मग तिने मला विचारलं की तुम्हाला मी कशी सापडले नाही. मी काही लपवलं नाही. नकाशा, ठिपके, वंशवृक्षातल्या आखूड रेघा, सगळे फोन, वकिलातीला दिलेलं उत्तर. म्हटलं, मी फक्त ते आडनाव असलेलीच माणसं शोधली, कारण तीच त्यांची माणसं असं मी धरून चालले. ती माझ्यावर ओरडेल असं मला वाटलं होतं, ओरडली असती तर बरं झालं असतं. ती क्रॉसकडे बघत इंग्रजीत एवढंच म्हणाली, "विमानाने सात तास लागतात. मी आले असते."

नकाशा तिने नेला नाही. पाकिटं नेली.

'मी आले असते' हे वाक्य मी आधी ऐकलं होतं, माझ्याच तोंडून. ह्याच्या सहा वर्षं आधी माझे वडील पुण्यात वारले. मला भाऊ नाही. वडिलांचं ज्याच्याशी जमिनीवरून कोर्टात चालू होतं, ज्याच्या घरचं पाणीही ते पीत नसत, त्या माझ्या चुलतभावाने त्यांना अग्नी दिला, कारण तो आमच्या आडनावाचा होता. शारजाला त्याचा फोन आला तेव्हा सगळं उरकलं होतं. मी म्हटलं, तीन तासांचं विमान आहे, मी आले असते. तो अगदी शांतपणे म्हणाला की तू आता त्या घरची, तुला सुतकही तीनच दिवसांचं, एवढ्या लांबून कशाला धावाधाव. त्या वाक्यासाठी मी त्याला सहा वर्षं मनातल्या मनात जाळलं. सुट्टीत पुण्याला गेले तरी त्याच्या गल्लीत पाय ठेवला नाही. आईने सांगून बघितलं, बोलणं टाकलं ते टाकलंच.

त्या वर्षीच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेले. तो बिचकला, बायकोला चहा ठेवायला सांगितलं, पोरांना बोलावून माझ्या पाया पडायला लावलं. वडिलांचा विषय त्यानेच काढला. घाई झाली म्हणाला, तुझी वाट बघायला हवी होती. सहा वर्षं मी हेच ऐकायला टपले होते, आणि त्यावर काय सुनवायचं तेही पाठ करून ठेवलं होतं. मी चहा संपवला आणि असू दे म्हटलं. त्याला वाटलं मी माफ केलं. मला त्याला माफ करायचा काही अधिकारच उरला नव्हता, कारण दुसऱ्या एका मुलीच्या बापाला मी तिला न विचारता मातीत घातलं होतं.